कालव्यावरच्या मालवाहू होड्यांचे जुने फोटो: ओळख पुन्हा पुन्हा का चुकते?

इंग्लंडमधील औद्योगिक कालव्यांचे जुने फोटो माझ्याकडे ओळखीसाठी येतात, तेव्हा त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एक तयार उत्तरही आलेले असते. फोटोच्या मागे पेन्सिलीने गावाचे नाव लिहिलेले असते, होडीच्या केबिनवर कोणत्या तरी शहराचे नाव रंगवलेले असते, किंवा ज्याच्याकडून फोटो घेतला त्या विक्रेत्याने काहीतरी सांगितलेले असते. मग त्या गावाच्या नकाशावर कालवा शोधला जातो, तिथला पूल थोडाफार जुळल्यासारखा वाटतो आणि फोटो त्या नावाने संग्रहात जातो. काही महिन्यांनी कोणीतरी दाखवून देतो की अशी होडी त्या कालव्यात शिरणेच शक्य नव्हते. नोंद खोडली जाते, नवे नाव लिहिले जाते, आणि बऱ्याचदा तेही चुकीचेच निघते.

यॉर्कशरमध्ये राहून सवडीने हे काम करताना मीही ही चूक अनेकदा केली आहे. पुण्या-मुंबईतल्या घरांतूनही असे फोटो अधूनमधून येतात. वस्त्रोद्योगाच्या शिक्षणासाठी मँचेस्टर किंवा लीड्सला गेलेल्या आजोबांच्या आल्बममध्ये गिरणीच्या भिंतीलगतचा कालवा आणि त्यातली होडी हमखास सापडते. सर्वांची अडचण एकच असते, ती म्हणजे फोटोतील अक्षरे आधी वाचली जातात आणि मापे कधी घेतलीच जात नाहीत. पुढे सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे.

फोटो सुलटा आहे का?

काचेच्या निगेटिव्हवरून छाप काढताना काच उलटी ठेवली गेली, की संपूर्ण दृश्य आरशातल्यासारखे डावे-उजवे होते आणि ज्या काठावरून घोडा होडी ओढत असे तो काठ, म्हणजे टोपाथ, चुकीच्या बाजूला दिसू लागतो. अशा फोटोत सगळ्या खुणा जुळत असूनही जागा सापडत नाही. फोटोत अक्षरे असतील तर उलटेपणा लगेच कळतो, पण नसतील तर माणसांच्या कोटांकडे पाहावे. पुरुषांच्या साध्या, एका रांगेत बटणे असलेल्या कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते. म्हणजे समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाची, आपल्याला उजवीकडे दिसणारी पाख वर असायला हवी. दोन-तीन माणसांत ती सलग उलटी दिसली, तर फोटो उलटा छापलेला आहे असे समजून तो संगणकावर फिरवून घ्यावा आणि मगच पुढे जावे.

अलीकडे आणखी एक उपद्रव वाढला आहे, तो म्हणजे आपोआप रंग भरलेल्या प्रतींचा. अशा प्रतीतील केबिनचा निळा किंवा लाल रंग ही यंत्राची कल्पना असते, पुरावा नव्हे. ती प्रत बाजूला ठेवून मूळ कृष्णधवल छाप मागवावी.

रुंदी: सर्वांत खात्रीची खूण

मराठी वाचकाच्या मनात ‘बार्ज’ म्हटले की मांडवी-जुवारीतून खनिज नेणारी गोव्यातली लांबरुंद बोट उभी राहते, आणि इथूनच अंदाज चुकायला लागतो. इंग्लंडच्या मध्य भागातील कालव्यांवर चालणारी नॅरोबोट सुमारे 70 फूट लांब असली तरी रुंदीला जेमतेम 7 फूट असते आणि तिच्यात 25 ते 30 टन माल मावतो. जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अठराव्या शतकात ट्रेंट अँड मर्सी, स्टॅफर्डशर अँड वूस्टरशर, कॉव्हेंट्री, ऑक्सफर्ड हे कालवे आखले, तेव्हा तिथली लॉक (होडी वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे, दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद) सुमारे 72 फूट लांब आणि 7 फूट रुंद बांधली गेली. पाणी आणि खर्च वाचवण्यासाठी घेतलेल्या त्या निर्णयाने तिथल्या होड्यांचे माप पुढची दोनशे वर्षे ठरवून टाकले.

उत्तरेकडे मापे वेगळी आहेत. 1816 मध्ये पूर्ण झालेला, 127 मैलांचा लीड्स-लिव्हरपूल कालवा रुंद आहे. त्याची लीड्सपासून विगनपर्यंतची लॉक सुमारे 62 फूट लांब आणि 14 फूट रुंद आहेत, त्यामुळे तिथल्या आखूड, पसरट होड्यांना ‘शॉर्ट बोट’ म्हणतात. विगनच्या पश्चिमेला मात्र 72 फुटी होडी चालते. काल्डर अँड हेबल आणि हडर्सफील्ड ब्रॉड या कालव्यांची लॉक त्याहून आखूड, म्हणजे सुमारे साडेसत्तावन्न फूट लांब आणि 14 फूट रुंद आहेत. रॉचडेल कालव्यावर 72 फूट लांब आणि 14 फूट रुंद लॉक असल्यामुळे तिथे मर्सी नदीवरच्या रुंद ‘फ्लॅट’ होड्याही येत आणि दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारीही बसत.

यातून एक साधा, पण एकाच दिशेने चालणारा नियम निघतो. फोटोत 14 फुटी होडी दिसली, तर 7 फुटी लॉकच्या पलीकडचे सगळे कालवे एका झटक्यात बाद होतात. नॅरोबोट दिसली, तर मात्र रुंदीमुळे काहीच बाद होत नाही, कारण ती रुंद कालव्यावरही आरामात फिरते. ‘नॅरोबोट आहे, म्हणजे बर्मिंगहॅमच असणार’ हा निष्कर्ष मी इतक्या वेळा वाचला आहे की आता त्याचा राग येणेही थांबले आहे.

मोजणी कशी करावी? लांबी मोजण्याच्या फंदात पडू नये, कारण होडी कॅमेऱ्याकडे तिरकी असेल तर लांबी आखडून दिसते आणि 70 फुटी होडी सहज 50 फुटी वाटते. रुंदी मात्र लॉकच्या दरवाजाजवळ विश्वासाने मोजता येते, विशेषतः तिथेच, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर, एखादा माणूस उभा असेल तर. त्याची उंची साडेपाच फूट धरली, तर अरुंद लॉकची रुंदी त्याच्या सव्वापट आणि रुंद लॉकची अडीचपट भरते. एवढा फरक पुसट फोटोतही लपत नाही.

हडर्सफील्डच्या एका फोटोत मी नेमके हेच केले नव्हते. मागे फक्त गावाचे नाव होते, समोर लॉक आणि त्यात होडीचा मागचा भाग दिसत होता, आणि मी ब्रॉड कालव्याचे एकेक लॉक जुन्या नकाशावर जुळवत दोन आठवडे घालवले. अखेर लॉकच्या कडेला उभ्या असलेल्या टोपीवाल्या माणसाकडे लक्ष गेले. लॉक त्याच्या उंचीपेक्षा जरासेच रुंद होते. हडर्सफील्डमध्ये दोन कालवे एकमेकांना मिळतात, आणि त्यातला दुसरा, हडर्सफील्ड नॅरो, 7 फुटी लॉकांचा आहे. तो 1811 मध्ये स्टँडेज बोगद्यासह पूर्ण झाला. गंमत अशी की ब्रॉड कालव्याची होडी रुंदीमुळे नॅरोत शिरत नसे आणि 70 फुटी नॅरोबोट लांबीमुळे ब्रॉडच्या लॉकमध्ये मावत नसे, म्हणून माल तिथे एका होडीतून दुसरीत चढवावा लागे. मी दोन आठवडे चुकीच्या कालव्यावर भटकत होतो आणि उत्तर फोटोतल्या माणसाच्या बुटांपाशी होते.

होडीची ठेवण

रुंदी ठरल्यावर होडीच्या मागच्या भागाकडे पाहावे. नॅरोबोटीवर मागे उभी, लहानशी केबिन असते, तिच्या छपरातून पितळी कडी बसवलेले धुराडे निघते आणि दारांवर गुलाब व गडकिल्ल्यांची चित्रे असतात. लीड्स-लिव्हरपूलच्या शॉर्ट बोटीत राहण्याची जागा पुढे-मागे डेकखाली असते, त्यामुळे वर उंच केबिन दिसत नाही. दिसतात ती डेकमधून वर आलेली धुराडी, पाण्याचे पिंप आणि रंगवलेल्या पट्ट्यांवरची वळणदार नक्षी.

नॅरोबोटींत पुन्हा दोन प्रकार आहेत. इंजिन नसलेल्या, ओढून नेल्या जाणाऱ्या होडीला मागे मोठे लाकडी सुकाणू असते आणि त्याच्या डोक्यात वळणदार लाकडी दांडा खोचलेला असतो. इंजिनच्या होडीचा मागचा भाग पाण्यावर गोल पसरलेला असतो आणि सुकाणूचा दांडा लोखंडी, हंसाच्या मानेसारखा बारीक वळलेला असतो. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने 1912 पासून तेलावर चालणारी बोलिंडर इंजिने वापरायला सुरुवात केली. म्हणून इंजिनची होडी मागे दुसरीला ओढत असेल, तर फोटो विसाव्या शतकाचा, आणि बहुधा पहिल्या महायुद्धानंतरचा, धरावा. वाफेच्या होड्या त्याआधीपासून होत्या, तेव्हा धूर पाहून फसू नये. 1909 मध्ये बांधलेली ‘प्रेसिडेंट’ ही या कंपनीची वाफेची होडी आजही जतन केलेली आहे.

केबिनच नसलेली, दोन्ही टोके सारखी असलेली होडी दिसली तर ती बहुधा बर्मिंगहॅम परिसरातील दिवसाच्या फेरीची होडी असते. खाणीतून कारखान्यापर्यंत कोळसा नेऊन माणसे रात्री घरी जात. अरुंद कालव्यात होडी वळवण्याची कटकट नको म्हणून सुकाणूच काढून दुसऱ्या टोकाला लावत.

एअर अँड काल्डर नेव्हिगेशन या यॉर्कशरमधील जलमार्गावरची एक चीज तर चुकणे अशक्य, तरीही तिच्याखाली ‘बुडालेल्या होड्या’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. चौकोनी लोखंडी डब्यांची लांबलचक माळ पाण्यातून टगबोटीमागे चाललेली असते. विल्यम बार्थोलोम्यू याने 1860च्या दशकात आणलेल्या या डब्यांना ‘टॉम पुडिंग’ म्हणत. प्रत्येकात सुमारे 40 टन कोळसा असे, आणि गूल बंदरात उंच यंत्रावर अख्खा डबा उचलून जहाजात उपडा केला जाई. ही पद्धत 1980च्या दशकापर्यंत चालली, त्यामुळे केवळ डबे पाहून काळ सांगता येत नाही.

जागा बांधकामाने सांगावी

होडी फिरत असते, पूल फिरत नाही. म्हणून होडीकडून फक्त शक्यता कमी करून घ्याव्यात आणि जागेची साक्ष बांधकामाकडूनच घ्यावी. काही कालव्यांची बांधकामे इतकी स्वतःची आहेत की एका फोटोतच काम होते. ओतीव लोखंडाचा, मध्यभागी अरुंद फट ठेवलेला पूल आणि जवळच अर्ध्या पिंपासारख्या गोल छपराचे लॉकरक्षकाचे घर दिसले, तर तो स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याचा दक्षिणेकडील भाग. ती फट ओढीची दोरी वरून सरकवण्यासाठी असे, म्हणजे पुलाशी घोडा सोडावा लागत नसे. टोपाथ एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारा, सापासारखा वळलेला दगडी पूल मॅक्लसफील्ड कालव्यावर विशेष करून दिसतो. लॉकशी काम करणाऱ्याच्या हातात लोखंडी वाकड्या हँडलऐवजी लाकडी दांडा असेल, तर काल्डर अँड हेबल आधी तपासावा, कारण तिथल्या पाणी सोडण्याच्या काही झडपा अशा दांड्याने उघडतात.

मैलाचा दगड किंवा लोखंडी खांब वाचता आला तर नशीबच म्हणायचे. ट्रेंट अँड मर्सीच्या खांबांवर एका बाजूला शार्डलो आणि दुसऱ्या बाजूला प्रेस्टन ब्रुकपर्यंतचे मैल असतात आणि त्यांची बेरीज 92 येते. एकच आकडा दिसत असला तरी वजाबाकी करून जागा काढता येते. पुलाचा क्रमांक मात्र एकटा निरुपयोगी आहे, कारण 40 क्रमांकाचा पूल अनेक कालव्यांवर सापडतो.

इतके झाल्यावर नकाशा उघडावा. ऑर्डनन्स सर्व्हेचे मैलाला 25 इंच प्रमाणाचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांत इंग्लंडही आहे. त्यांवर लॉक, पूल, गिरणीच्या इमारती आणि टोपाथ कोणत्या काठाला आहे हे दिसते. गिरणीचे धुराडे हे मात्र लबाड साक्षीदार आहे, कारण लँकेशर आणि यॉर्कशरमध्ये ते प्रत्येक वळणावर उभे होते. धुराडे आणि पूल यांतील अंतर, पाण्याचे वळण आणि टोपाथची बाजू या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्याशिवाय होकार देऊ नये.

आता अक्षरे वाचावीत

आमच्याकडे आलेल्या एका फोटोच्या मागे ‘ब्रायटन’ असे लिहिलेले होते. ब्रायटन समुद्रकाठचे शहर आहे, तिथे असा कालवाच नाही. केबिनवर रंगवलेले होडीचे नाव कोणीतरी गावाचे नाव समजून उतरवून घेतले होते. ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिइंग कंपनीने 1930च्या दशकात बांधलेल्या होड्यांपैकी एका गटाला शहरांची आणि दुसऱ्याला ताऱ्यांची नावे दिली होती. त्यातली ‘ब्रायटन’ आणि तिची जोडीदार ‘ननीटन’ आजही आहेत. ‘ननीटन’ तर अधिक धोकादायक, कारण त्या गावातून खरोखरच कालवा जातो आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

केबिनवर मोठ्या अक्षरांत मालकाचे नाव आणि कार्यालयाचे शहर असते. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनचे मुख्य कार्यालय बर्मिंगहॅमला होते, पण त्यांच्या होड्या लंडन, मँचेस्टर आणि नॉटिंगहॅमपर्यंत जात. तिसरी गोष्ट नोंदणीची. 1877 आणि 1884च्या कालवाहोडी कायद्यांनुसार, ज्या होडीत माणसे राहत तिची नोंदणी करून नोंदणीचे ठिकाण व क्रमांक होडीवर रंगवावा लागे. त्यामुळे असा क्रमांक दिसला तर फोटो 1877 नंतरचा ठरतो. तो दिसला नाही तर मात्र काहीच ठरत नाही, कारण न राहत्या होड्यांना तो नियम लागू नव्हता. ते ठिकाणही फोटोचे नसून नोंदणी कार्यालयाचे असते. जकातीसाठी होडीची खोली मोजून दिलेला क्रमांक वेगळाच असतो, आणि या दोन क्रमांकांची अदलाबदल झाली की चुकीच्या वहीत शोध सुरू होतो. नोंदणीच्या वह्या स्थानिक अभिलेखागारांत अनेक ठिकाणी टिकल्या आहेत आणि त्यांत मालकाचे व नावाड्याचे नाव मिळते, म्हणून ठिकाण आणि क्रमांक दोन्ही नीट वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

काळ ठरवताना

फोटोतील सर्वांत नवी वस्तू त्याला ‘याआधी नाही’ अशी मर्यादा घालते. जुनी वस्तू काहीच सांगत नाही, कारण लाकडी होडी पन्नास वर्षेही चालत राहू शकते. ग्रँड युनियन कालव्यावरील हॅटनच्या 21 लॉकांचे उदाहरण घ्या. तिथे आधी अरुंद लॉक होती. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारी काँक्रीटची रुंद लॉक बांधली गेली आणि 1934 मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. या नव्या लॉकांवर झडपांची यंत्रे तिरक्या, जाड नळकांड्यांत बंद आहेत. ती नळकांडी दिसली की फोटो त्या कामानंतरचा.

अँडर्टनची बोट-लिफ्ट याहून स्पष्ट बोलते. वीव्हर नदी आणि तिच्यावर 50 फूट उंचावरचा ट्रेंट अँड मर्सी कालवा यांच्यामध्ये होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी ती 1875 मध्ये पाण्याच्या दाबावर चालू झाली. पुढे दुरुस्ती परवडेना, तेव्हा 1908 पर्यंत तिचे विजेवर रूपांतर करून डोक्यावर यंत्रांचा मजला, मोठी चाके आणि बाजूंना वजने लावली गेली. वर चाके नसतील तर फोटो जुना, असतील तर 1908 च्या सुमारासचा किंवा नंतरचा. मात्र तिचा अभियंता एडविन क्लार्क याच्या आराखड्यांवरून फ्रान्समध्ये ले फोंतिनेत आणि बेल्जियममध्ये ला लुव्हिएर इथेही 1888 मध्ये लिफ्ट उभ्या राहिल्या, आणि त्यांची पोस्टकार्डे ‘अँडर्टन’ म्हणून येतात. तिथेही रुंदीच सोडवते. 1879च्या कायद्याने ठरलेल्या मापाची फ्रेंच ‘पेनिश’ होडी सुमारे 38 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असते, तिच्यापुढे नॅरोबोट काडीसारखी दिसेल.

पोस्टकार्डाचा मागचा भाग पत्ता आणि मजकूर अशा दोन भागांत विभागलेला असेल, तर ते 1902 नंतर छापलेले आहे. अर्ध्या पेनीचे तिकीट असेल, तर ब्रिटनमध्ये ते बहुधा जून 1918 आधी टाकलेले आहे. पण निगेटिव्ह त्याहून दहा वर्षे जुने असू शकते, त्यामुळे शिक्क्याची तारीख ही फक्त ‘यानंतर नाही’ एवढेच सांगते.

रंगांविषयीही सावध असावे. जुन्या प्लेटना लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग पांढुरका दिसे. 1948 च्या राष्ट्रीयीकरणानंतर होड्या निळ्या-पिवळ्या रंगवल्या गेल्या, पण कृष्णधवल फोटोत ‘फिकट केबिन, म्हणजे सरकारी होडी’ असे म्हणता येत नाही. गोठलेल्या कालव्याचा फोटो दिसला की लोक लगेच 1963 लिहितात. त्या हिवाळ्याने उरलीसुरली वाहतूक मोडली हे खरे, परंतु बर्फ फोडणाऱ्या होडीवर कठड्याला धरून डुलणारी माणसे एकोणिसाव्या शतकातही होती. पँट घातलेल्या तरुणी होडी चालवताना दिसल्या तर मात्र 1942 नंतरच्या युद्धकाळातील स्वयंसेविकांची शक्यता आधी पाहावी.

नोंद कशी लिहावी

उत्तर मिळाले तरी आधीची चुकीची नोंद खोडू नये. तिच्याखाली मऊ पेन्सिलीने तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात: काय निश्चित आहे, काय संभवते आणि काय बाद झाले आहे. हडर्सफील्डच्या त्या फोटोवर आता असे आहे: ‘लॉक 7 फुटी, निश्चित. हडर्सफील्ड नॅरो, बहुधा. ब्रॉड कालवा, बाद.’ लॉकचा क्रमांक अजून रिकामा आहे.